नव्या ‘स्पेशालिटी’ किराणा दुकानात जाताय? पाकिटावरच्या कोणत्या शब्दामागे कायदा आहे आणि कोणत्या शब्दामागे फक्त जाहिरात?

मुंबईच्या उपनगरांत सध्या एक दृश्य वारंवार दिसतं. अंधेरीच्या लोखंडवालात, बोरिवली पश्चिमेला, मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या बाजारपेठेत एखाद्या जुन्या दुकानाचं शटर काही महिने बंद राहतं. मग काचेचा दर्शनी भाग येतो, पिवळे दिवे लागतात, लाकडी फळ्या बसतात आणि दारावर ‘ऑरगॅनिक’, ‘फार्म टू टेबल’, ‘गूर्मे’ असे शब्द झळकतात. आत हातसडीचा तांदूळ असतो, लाकडी घाण्याचं तेल असतं, इटलीचं चीज असतं आणि जपानी नूडल्सही असतात.

पहिल्या आठवड्यात सवलत असते, चव घ्यायला छोट्या वाट्या ठेवलेल्या असतात, रील्स बनतात. घरी येऊन बिल पाहिलं की लक्षात येतं, नेहमीचाच तांदूळ आणि नेहमीचंच तूप, पण किंमत दीडपट-दुप्पट.

हा जास्तीचा पैसा नेमका कशाचा? काही वेळा तो खरंच चांगल्या मालाचा असतो. काही वेळा मात्र तो पाकिटावरच्या एका शब्दाचा असतो. भारतात यातल्या काही शब्दांमागे कायदा, तपासणी आणि नोंदणी आहे, तर काहींमागे जवळपास काहीच नाही. दोन्ही प्रकारचे शब्द एकाच फळीवर, एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेले असतात.

त्यामुळे अशा दुकानात काय वाचायचं आणि कसं वाचायचं, ते फळीनुसार समजून घेऊ.

आधी हे कळू द्या: आपण वाण्यावर विश्वास का ठेवायचो?

‘खास’ वाणसामानाची दुकानं मुंबईला नवी नाहीत. मसाल्यासाठी लालबाग, सुक्यामेव्यासाठी मशीद बंदर, दक्षिण भारतीय कॉफीसाठी माटुंगा, कोकणातल्या वस्तूंसाठी दादर, परदेशी डबाबंद वस्तूंसाठी क्रॉफर्ड मार्केट, असा शहराचा एक न लिहिलेला नकाशाच होता. तिथे लेबल नसायचं. दुकानदार ओळखीचा असायचा आणि माल खराब निघाला तर पुढच्या खेपेला त्याला जाब विचारता यायचा.

दुसरा विश्वास होता संस्थांचा. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेलं ‘अपना बाजार’ हे ग्राहकांच्या सहकारातून उभं राहिलं. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याच्या सामानाची एकत्र मागणी नोंदवायची आणि आलेला माल आपापसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. विलेपार्ल्यात मुख्यालय असलेल्या या संस्थेमुळे उपनगरांतल्या हजारो मराठी घरांत दर महिन्याला सामान आलं. डाळ निवडण्याचं, भाव ठरवण्याचं काम संस्था करायची.

त्यानंतर चित्र बदललं. २००२ साली पवईत डी-मार्टचं पहिलं दुकान उघडलं आणि ‘स्वस्त व एका छताखाली’ हे सूत्र उपनगरांत रुजलं. २००५ साली गोदरेज समूहाने ‘नेचर्स बास्केट’ सुरू केलं आणि परदेशी चीज, ऑलिव्ह ऑइल, सेंद्रिय धान्य यांसाठी वेगळं दुकान असू शकतं, ही कल्पना मुंबईकरांच्या ओळखीची झाली. २०१९ साली ही साखळी स्पेन्सर्स रिटेलने सुमारे ३०० कोटी रुपयांना घेतली. आज गल्लीत उघडणारी लहान स्पेशालिटी दुकानं याच वाटेवरची आहेत.

फरक इतकाच की, नव्या दुकानात काउंटरवरचा मुलगा तुमच्या ओळखीचा नसतो आणि माल निवडणारी संस्थाही तुमची नसते. हमी द्यायला उरतं ते पाकीट. म्हणून ते वाचता आलं पाहिजे.

पहिलं काम: १४ आकडे शोधा

कोणतंही पाकीट उचललं की आधी भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजेच एफएसएसएआयचा लोगो आणि त्याखालचा १४ आकडी क्रमांक पाहा.

पहिला आकडा १ असेल तर तो परवाना असतो. २ असेल तर ती लहान व्यावसायिकाची नोंदणी असते. त्यापुढचे दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्रासाठी ते १५ आहेत. ‘१००’ ने सुरू होणारा क्रमांक केंद्रीय परवान्याचा. हा क्रमांक एफएसएसएआयच्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर टाकून तो कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, हे कुणालाही पाहता येतं.

दुकानालाही स्वतःचा क्रमांक असावा लागतो. तो दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे आणि २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा क्रमांक म्हणजे दर्जाचं प्रशस्तिपत्र नाही. माल कुणी बनवला, कुणी विकला आणि काही बिघडलं तर कुणाला धरायचं, एवढंच तो सांगतो. पण ‘घरगुती’, ‘गावाकडून थेट’ असं लिहिलेल्या सुंदर कागदी पिशवीवर हा क्रमांकच नसेल, तर त्या ‘थेट’चा पत्ता कुणालाच सापडणार नाही.

तांदूळ, गूळ, हळद: गावाचं नाव कुणाला वापरता येतं?

स्पेशालिटी दुकानाची पहिली फळी बहुतेक वेळा गावांच्या नावांनी भरलेली असते. आजरा घनसाळ, मुळशीचा आंबेमोहर, कोल्हापूरचा गूळ, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, सांगलीचे बेदाणे, मंगळवेढ्याची ज्वारी, नवापूरची तूरडाळ, वेंगुर्ल्याचे काजू, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम.

ही सगळी नावं भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालेली आहेत. त्यासाठीचा कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नोंदणीचं कार्यालय चेन्नईला आहे. विशिष्ट भागातली माती, हवामान आणि पद्धत यांमुळे ज्या वस्तूला वेगळा गुण येतो, तिचं नाव त्या भागातल्या उत्पादकांसाठी राखून ठेवणं, हा या कायद्याचा हेतू.

ग्राहकाने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, मानांकन वस्तूला मिळतं, दुकानाला किंवा ब्रँडला नाही. ते नाव अधिकृतपणे वापरण्यासाठी उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. म्हणून पाकिटावर फक्त ‘जीआय’ ही अक्षरं पाहून थांबू नका. पॅकिंग कुणी केलं, माल कुठल्या गटाकडून किंवा शेतकरी कंपनीकडून आला, त्यांची नोंदणी आहे का, हे पाहा.

हापूसचं उदाहरण बोलकं आहे. २०१८ साली मिळालेल्या मानांकनानुसार ‘हापूस’ हे नाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी आहे. तरीही दर हंगामात बाहेरचा आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत घालून विकल्याच्या तक्रारी होतातच. पेटीवर नाव छापणं सोपं असतं, पेटी कुठून आली हे सिद्ध करणं अवघड. तांदळाचंही तेच. आंबेमोहर म्हणून विकला जाणारा सगळाच तांदूळ मुळशीचा नसतो. मुळशीच्या नावाने जास्त पैसे मोजायचे असतील तर पुरावा मागणं हा तुमचा हक्क आहे.

डाळ आणि पीठ: ‘ऑरगॅनिक’ हा शब्द मोकळा नाही

‘ऑरगॅनिक’ किंवा ‘सेंद्रिय’ हा शब्द पाकिटावर कुणीही सहज छापू शकतं, असं अनेकांना वाटतं. पण पाकीटबंद मालाबाबत तसं नाही. एफएसएसएआयने २०१७ साली सेंद्रिय अन्नासाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार सेंद्रिय म्हणून विकला जाणारा माल दोनपैकी एका पद्धतीने प्रमाणित असावा लागतो.

पहिली पद्धत म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. यात मान्यताप्राप्त तिसरी संस्था शेताची आणि प्रक्रियेची तपासणी करते. निर्यातीसाठीही हीच पद्धत वापरतात.

दुसरी पद्धत म्हणजे ‘पीजीएस-इंडिया’. यात शेतकऱ्यांचे स्थानिक गट एकमेकांची शेती तपासतात आणि हमी देतात. लहान शेतकऱ्यांना ती कमी खर्चात परवडते. इथे एक बारकावा आहे. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळत असलेल्या, म्हणजे अजून संक्रमणात असलेल्या शेतीला ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असं वेगळं चिन्ह मिळतं. ते पूर्ण सेंद्रिय नसतं.

प्रमाणित मालावर सेंद्रिय अन्नाचा अधिकृत लोगो दिसायला हवा. तो नसेल आणि मोठ्या अक्षरांत ‘ऑरगॅनिक’ लिहिलेलं असेल, तर थेट विचारा: प्रमाणपत्र कुठल्या पद्धतीचं आहे?

नव्या दुकानांत डाळी-कडधान्यं काचेच्या मोठ्या बरण्यांत सुटी ठेवायचीही फॅशन आहे. प्लॅस्टिक वाचतं, हे खरं. पण बरणीवर फक्त पाटी असते. अशा वेळी मूळ गोणीवरचं लेबल दाखवायला सांगा. चांगला दुकानदार ते आनंदाने दाखवतो.

आणि ‘सेंद्रिय’चा अर्थ काय, हेही नीट समजून घ्या. तो शब्द शेतीची पद्धत सांगतो. सेंद्रिय साखर ही साखरच असते आणि सेंद्रिय मैदा हा मैदाच.

‘नॅचरल’, ‘ट्रॅडिशनल’, ‘ऑथेंटिक’: तीन मिलिमीटरची कबुली

यानंतर येतात ते मऊ शब्द. नॅचरल, फ्रेश, प्युअर, ओरिजिनल, ट्रॅडिशनल, ऑथेंटिक. हे शब्द कधी वापरता येतात, याच्या अटी २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांत आहेत.

उदाहरणार्थ, ‘फ्रेश’ हा शब्द धुणं, सोलणं, कापणं, थंड करणं अशा मोजक्या क्रियांपलीकडे प्रक्रिया न झालेल्या पदार्थासाठी आहे. ‘नॅचरल’साठी पदार्थ नैसर्गिक स्रोतातून आलेला हवा आणि त्यात बाहेरून काही घातलेलं नसावं. ‘ट्रॅडिशनल’ म्हणायचं तर ती कृती पिढ्यानपिढ्या चालत आलेली हवी.

मग ‘नॅचरल’ असं नाव असलेले इतके ब्रँड कसे? कारण नियमात एक वाट आहे. असा शब्द ब्रँडच्या नावातच असेल आणि त्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होण्याची शक्यता असेल, तर पाकिटावर एक खुलासा छापावा लागतो. त्याचा मराठीत अर्थ असा: ‘हे केवळ ब्रँडचं नाव किंवा ट्रेडमार्क आहे, त्यातून पदार्थाचं खरं स्वरूप कळत नाही.’ या खुलाशाची अक्षरं किमान तीन मिलिमीटर उंच असावी लागतात.

पुढच्या खेपेला पाकीट फिरवून हे वाक्य शोधाच. पुढच्या बाजूला हिरवी शेतं आणि मागच्या बाजूला ही छोटीशी कबुली, असं बऱ्याचदा सापडतं.

‘गावरान’, ‘आर्टिसनल’, ‘स्मॉल बॅच’, ‘आजीच्या हातची’ या शब्दांचं काय? यांमागे कुठलंही ठरावीक प्रमाणपत्र नाही. असा माल वाईट असतो असं नव्हे. फक्त तो शब्द पुरावा नसतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

तूप आणि तेल: ‘ए-२’चा पाच दिवसांचा गोंधळ

स्पेशालिटी दुकानातली सगळ्यात महाग देशी वस्तू बहुधा ‘ए-२’ तूप असते.

ए-१ आणि ए-२ ही दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाच्या प्रकारांची नावं. देशी गाईंच्या दुधात मुख्यतः ए-२ प्रकार आढळतो. पण तूप म्हणजे जवळपास पूर्ण स्निग्धांश. लोणी कढवून तूप करताना प्रथिनं बेरीत निघून जातात. मग प्रथिनाच्या प्रकारावरून तुपाची किंमत कशी वाढते?

हाच प्रश्न २०२४ मध्ये सरकारी पातळीवर आला. २१ ऑगस्ट २०२४ रोजी एफएसएसएआयने दूध आणि दुग्धजन्य पदार्थांवरचे ए-१, ए-२ दावे काढून टाकायला सांगितले. असे दावे दिशाभूल करणारे आहेत, असं त्यात म्हटलं होतं. पाचच दिवसांनी, २६ ऑगस्टला, संबंधितांशी आणखी चर्चा करायची असल्याचं सांगून हा आदेश मागे घेण्यात आला. म्हणून तो शब्द आजही बरण्यांवर दिसतो. देशी गाईच्या तुपाची चव आणि वास आवडत असेल तर जरूर घ्या. ‘ए-२’ या अक्षरांसाठी वेगळे पैसे मोजायचे का, ते मात्र तुम्ही ठरवा.

तेलाच्या बाबतीत काही दुकानं समोरच घाणा लावतात. शेंगदाणा, तीळ, खोबरं डोळ्यांसमोर गाळलं जातं. ते पाहून विश्वास वाटतो आणि ते साहजिकच आहे. पण खाद्यतेल सुटं विकण्यावर नियमांनुसार बंदी आहे. राज्य सरकारने सवलत दिली नसेल तर तेल पॅकबंद आणि लेबल लावूनच विकावं लागतं. तेव्हा घरून नेलेल्या बाटलीत तेल भरून घेण्यापेक्षा गाळल्याची तारीख, वजन आणि परवाना क्रमांक असलेली सीलबंद बाटली घ्या. घाण्याचं तेल रिफाइंड केलेलं नसतं, त्यामुळे ते लवकर खवट होऊ शकतं. म्हणून तारीख इथे जास्तच महत्त्वाची.

परदेशी फळी: मागचं चिकटवलेलं स्टिकर वाचा

कोरियन नूडल्स, इटालियन पास्ता, स्पॅनिश ऑलिव्ह ऑइल यांच्या मूळ लेबलपेक्षा भारतात लावलेलं स्टिकर जास्त कामाचं असतं. त्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह असावं लागतं. रुपयांतली कमाल किरकोळ किंमत म्हणजे एमआरपीही पाकिटावर हवीच. स्टिकरच नसेल तर तो माल कुठल्या वाटेने आला, हे सांगणारं पाकिटावर काहीच नसतं.

दुसरी गोष्ट मुदतीची. आयात होताना पदार्थाच्या एकूण टिकण्याच्या काळापैकी किमान ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जो काळ कमी असेल तेवढा शिल्लक असावा लागतो. म्हणजे वर्षभर टिकणारा पदार्थ देशात शिरतानाच त्याचे फक्त तीन महिने उरलेले असू शकतात. ‘एकावर एक मोफत’ची टोपली दिसली की आधी तारीख पाहा.

ऑलिव्ह ऑइल घेताना ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ आणि ‘पोमेस’ यांत गल्लत करू नका. पहिलं फळ दाबून काढलेलं असतं. दुसरं, तेल काढून उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढतात आणि मग रिफाइंड करतात. फोडणीसाठी पोमेस चालेल, पण त्याला एक्स्ट्रा व्हर्जिनचा भाव देऊ नका.

मसाल्याच्या फळीवर दालचिनीचं पाकीट हातात घ्या. जाड, टणक, एकाच थराची गुंडाळी असेल तर ती बहुधा कॅशिया, म्हणजे तज. खऱ्या दालचिनीत कागदासारखे पातळ थर एकात एक असतात आणि ती बोटांनी सहज मोडते. एफएसएसएआयची या दोन्हींसाठी वेगवेगळी मानकं आहेत. तजमध्ये कुमारिन हा घटक बराच जास्त असतो आणि तो रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपाय होऊ शकतो. चिमूटभर वापरणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. रोज दालचिनीचं पाणी पिणाऱ्यांनी मात्र आपण काय पितो ते पाहावं.

हिरवा ठिपका काय सांगतो आणि काय सांगत नाही?

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत शाकाहारी आणि जैन ग्राहक मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे इथल्या दुकानांत हा प्रश्न नेहमी येतो.

हिरव्या चौकोनातला हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थासाठी आधी तपकिरी गोल असायचा, नव्या नियमांनुसार तपकिरी त्रिकोण असतो. रंगांधळ्या व्यक्तींनाही फरक कळावा, हा त्यामागचा विचार. अंडं असलेला पदार्थ भारतीय नियमांत मांसाहारी गटात येतो.

‘व्हीगन’ हा शब्द या दोन्हींहून वेगळा. त्यासाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र लोगो आहे. त्यात दूध, मध असा कोणताही प्राणिजन्य घटक चालत नाही.

‘जैन’ या शब्दासाठी मात्र कोणतंही सरकारी चिन्ह नाही. हिरवा ठिपका कांदा, लसूण किंवा बटाट्याबद्दल काहीच सांगत नाही. पाकिटावर ‘जैन’ लिहिलेलं असेल तर तो उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही.

परदेशी चीजबाबतही हेच. इटलीचं पारंपरिक पार्मिजानो रेज्जानो चीज करताना दूध साकळण्यासाठी वासराच्या जठरातून मिळणारं रेनेट वापरतात. कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेबल’ रेनेट असं लिहिलेलं आहे का, ते पाहावं.

‘हेल्दी’ खाऊ: यादीतलं पहिलं नाव बघा

नाचणी चिप्स, मिलेट नूडल्स, मल्टिग्रेन पीठ, प्रोटीन बार. या फळीसाठी एकच नियम पाठ करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जे सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी. ‘नाचणी बिस्किटां’च्या यादीत मैदा आणि साखर आधी आणि नाचणी चौथी असेल, तर तुम्ही मुख्यतः मैदा आणि साखर विकत घेताय.

शिवाय पाकिटाच्या पुढे एखाद्या घटकाचं नाव किंवा चित्र ठळकपणे दाखवलं असेल, तर तो किती टक्के आहे हे यादीत लिहावं लागतं. तो आकडा शोधा.

‘शुगर फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावी. ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे बाहेरून साखर घातलेली नाही, पण खजूर किंवा फळांमधली मूळची साखर त्यात असू शकते. ‘ग्लुटेन फ्री’साठी मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. हे आकडे असलेले दावे आहेत, म्हणून ते तपासता येतात. ‘गिल्ट फ्री’ मोजायला कुठलंच माप नाही.

फळांच्या रसाबाबत जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने एक आदेश काढला. घट्ट केलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून बनवलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं लिहिता येणार नाही, असं त्यात सांगितलं आहे.

बिल देण्याआधी किलोचा भाव काढा

लहान, देखणं पाकीट ही या दुकानांची खासियत. समजा, २५० ग्रॅम नाचणी पीठ ११० रुपयांना आहे आणि शेजारी अर्धा किलो १९० रुपयांना. पहिलं स्वस्त दिसतं, पण किलोमागे पहिलं ४४० रुपयांना पडतं, दुसरं ३८० रुपयांना.

हा हिशेब आता पाकिटावरच दिलेला असतो. वैधमापन नियमांनुसार एमआरपीसोबत ‘युनिट सेल प्राइस’, म्हणजे दर ग्रॅमला किंवा दर किलोला पडणारा भाव, छापावा लागतो. वाण्याकडच्या सुट्या भावाशी तुलना करायची तर याच आकड्याने करा.

किंमत वाढण्याचं एक कारण दुकानदाराच्या हातात नसतं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पिठांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नव्हता. त्यात उपनगरातलं भाडं, वातानुकूलन, देखणं पॅकिंग आणि लहान प्रमाणातली खरेदी यांची भर पडते. म्हणजे जास्तीचा प्रत्येक रुपया फसवणुकीचा नसतो. पण तो दर्जाचाच असतो, असंही नाही.

सुटा माल घेताना काट्याकडेही लक्ष द्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात असायला हवं.

पाटी मराठीत, पाकीट कशात?

दुकानाच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असाव्यात यावरून मुंबईत मोठा वाद झाला. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्यानंतर महापालिकेने कारवाई सुरू केली. आज नव्या दुकानावर मराठी नाव दिसतं, ते त्यामुळेच.

पण दारातून आत गेलं की मराठी संपते. अन्नपदार्थाच्या लेबलवरची बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असली की नियम पूर्ण होतो. राज्याची भाषा त्यात जोडता येते, पण सक्ती नाही. व्यवहारात बहुतेक पाकिटं इंग्रजीतच असतात. घटकांची यादी, ॲलर्जीची सूचना, मुदत आणि तो तीन मिलिमीटरचा खुलासा, सगळं इंग्रजीत.

याचा फटका कुणाला बसतो? घरातलं वाणसामान वर्षानुवर्षं ज्यांनी पारखून घेतलं, त्या आई-आजींना. तांदूळ दाताखाली धरून तो जुना की नवा हे सांगणाऱ्या बाईला ‘रिकन्स्टिट्यूटेड’ किंवा ‘एडिबल व्हेजिटेबल फॅट’ यांतून काहीच कळत नाही. मधुमेह किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या घरात हा प्रश्न पैशापुरता उरत नाही. त्यामुळे घरातल्या इंग्रजी वाचणाऱ्याने निदान पहिल्या खेपेला सोबत जावं आणि यादी वाचून दाखवावी.

तक्रार कुठे करायची?

* माल खराब, भेसळीचा किंवा खोट्या दाव्याचा वाटला तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. एफएसएसएआयची टोल फ्री हेल्पलाइन १८००-११२-१०० ही आहे.

* एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले, वजन कमी भरलं किंवा पाकिटावर किंमतच नसेल तर तो विषय वैधमापन शास्त्र यंत्रणेचा.

* पैसे परत मिळत नसतील किंवा दिशाभूल झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

कोणत्याही तक्रारीसाठी तीन गोष्टी लागतात: बिल, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि पदार्थाचा बॅच क्रमांक. तेव्हा नव्या दुकानात फोटो काढालच, तर पुढच्या देखण्या बाजूसोबत मागच्या बाजूचाही एक काढून ठेवा. बरणीत माल ओतल्यावर पाकीट लगेच फेकू नका, संपेपर्यंत जपून ठेवा.